पायरी उतरण्याआधीची कळ

नरकचतुर्दशीची पहाट होती. अंगणात अजून अंधार होता, बंबातले पाणी उकळू लागले होते आणि आळीतल्या पोरांचे फटाके सुरू झाले होते. आमच्या घरी अभ्यंगस्नानाचा पहिला मान आईचा. पण त्या वर्षी ती माजघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. तिथून न्हाणीघराकडे दोन पायऱ्या उतरतात आणि त्यांच्या पलीकडे रांगोळीने वेढलेला पाट मांडलेला. आईच्या दोन्ही गुडघ्यांत दहा वर्षांचा संधिवात. चौकटीला धरून ती त्या दोन पायऱ्यांकडे नुसती पाहत उभी राहिली. मागे मुले खोळंबली होती, वाटीतले तेल निवत चालले होते. मी जरा त्राग्यानेच म्हणालो, "आई, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? तू फार मनावर घेतेस."

आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, उतरल्यावर दुखतं ते दुखतंच. पण मेली ही पायरी उतरायच्या आधीच दुखायला लागते, त्याचं काय करू?"

शेवटी आईसाठी स्टूल आणले. पाट रिकामाच राहिला. पण तिचे ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखे सलत राहिले. मी शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर. वैद्यकाशी माझा संबंध आला तो रोगी म्हणून. मात्र इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कोणतीही गोष्ट मुळात कोठून आली, हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. दुखणे शरीरात असते की मनात, हा प्रश्न माणसाने केव्हापासून विचारला, आणि डोळे मिटून शांत बसणाऱ्या माणसाच्या दुखण्यात खरोखर काही फरक पडतो काय, याचा माग काढीत मी निघालो. त्या प्रवासाची ही हकीगत आहे.

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर आपल्याच देशात मिळते. पाली भाषेतील 'संयुत्त निकाया'त भगवान बुद्धांनी दिलेला एक दृष्टान्त आहे. एखाद्याला बाण लागावा आणि त्याच जागी लगेच दुसरा बाण लागावा, तशी सामान्य माणसाची गत होते. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यामुळे होणारा शोक, तडफड आणि चिडचिड हा दुसरा. शहाण्या माणसालाही पहिला बाण लागतोच, पण दुसरा तो स्वतःला लागू देत नाही. पहिला बाण खोटा आहे असे येथे म्हटलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या कथेला ते लागणार आहे.

युरोपात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ १६५० साली वारला. मनुष्यदेहावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यातले एक चित्र प्रसिद्ध आहे. एक मुलगा विस्तवाजवळ बसला आहे आणि त्याचे पाऊल ज्वाळेला लागले आहे. पावलापासून एक बारीक धागा निघून थेट मेंदूपर्यंत गेला आहे. देऊळातल्या घंटेची दोरी खाली ओढली की वर टोल पडतो, तसे पायाला चटका बसला की धागा ओढला जातो आणि मेंदूत वेदनेचा टोल पडतो, असा त्याचा विचार. दोरी जितकी जोराने ओढावी तितका टोल मोठा. म्हणजे जखम मोठी तर दुखणे मोठे, आणि जखम नसेल तर दुखणे खोटे.

हे चित्र इतके सोपे आणि पटण्याजोगे होते की जवळजवळ तीनशे वर्षे वैद्यक त्याच्याच सावलीत वाढले. त्यातून पुष्कळ भलेही झाले. मज्जातंतूंचे शास्त्र उभे राहिले. पण संधिवाताच्या रोग्यांवर मात्र त्याने अन्याय केला. गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रात फार झीज दिसावी आणि तो माणूस गड चढून यावा. उलट चित्रात थोडकीच झीज दिसावी आणि बाईने रात्रभर तळमळावे, असे प्रकार डॉक्टरांना नित्य दिसतात. दोरी आणि टोल यांचा हिशेब जुळला नाही की "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणून रोग्याची बोळवण होई. मी आईला जे बोललो, ते माझे एकट्याचे शब्द नव्हते. देकार्तची घंटाच माझ्या तोंडून वाजली होती.

त्या घंटेला पहिला मोठा तडा गेला तो रणांगणावर. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करीत होता. जबर जखमी झालेली माणसे त्याच्यासमोर येत आणि त्यांपैकी बरीच जण वेदनाशामक औषध नको म्हणत. युद्धानंतर त्याने शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रोग्यांशी त्यांची तुलना करून १९५६ साली आकडे प्रसिद्ध केले. सैनिकांत शंभरातील सुमारे ३२ जणांनी औषध मागितले होते. नागरिकांत सुमारे ८३ जणांनी. जखमा तर सैनिकांच्याच मोठ्या! बीचरने त्याचा अर्थ असा लावला की सैनिकाला जखम म्हणजे मरणाच्या तावडीतून सुटून घरी जाण्याचा परवाना वाटत होता, तर नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे संकटाची सुरुवात. जखमेचा अर्थ बदलला की वेदनाही बदलते.

पण ती बदलते कशी? या प्रश्नाला १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक हा कॅनडाचा मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हा इंग्रज शास्त्रज्ञ यांनी एक धाडसी उत्तर दिले. त्यांच्या मते पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत जणू एक वेस आहे. दुखऱ्या जागेकडून आलेला निरोप या वेशीतून वर जातो. पण वेस कधी सताड उघडी असते, कधी किलकिली, कधी बंद. स्पर्शाचे निरोप आले तर ती मिटू लागते. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते आणि पोर रडायचे थांबते, त्याचे एक कारण हे. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे वेशीचा दरवाजा वरूनही, मेंदूकडूनही, लोटता येतो. भीती, चिंता, एकाग्रता, धीर या साऱ्यांचा हात त्या दरवाजाला लागतो. या उपपत्तीतले कित्येक तपशील पुढे दुरुस्त झाले. पण मेंदू हा टोल ऐकणारा नुसता घंटाघरातला पहारेकरी नाही, हे एकदा ठरले ते ठरलेच.

याच मेलझॅकने १९७५ साली रोग्यांना विचारण्यासाठी दुखण्याच्या ७८ शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. ती वाचताना मला आपली मराठी आठवली. दाढ ठणकते, गळू ठसठसते, काटा सलतो, कंबरेत उसण भरते, पोटात कळ येते, सांध्यात चमक निघते, पोटऱ्यांत गोळे येतात, हातपाय कळकळतात. हे झाले वेदनेचे रूप. पण "जीव नकोसा झाला", "दुखणं पाठीस लागलंय", "आता सोसवत नाही" ही बोलणी निराळ्या जातीची आहेत. ती किती दुखते हे सांगत नाहीत. त्या दुखण्याने माणसाचे काय केले, हे सांगतात. मेलझॅकच्या यादीतही हे दोन्ही प्रकार वेगळे लावलेले होते. दुखणे आणि सोसणे हे दोन शब्द आपल्या आजीला ठाऊक होते. शास्त्राने त्यांना दोन रकाने दिले.

आता जरा भारतात परत येऊ. शास्त्रज्ञ वेदनेकडून मनाकडे चालले होते, त्याच काळात आपल्याकडे काही माणसे ध्यानाकडून प्रयोगशाळेकडे चालली होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजावयास प्रारंभ केला. 'योग मीमांसा' हे त्यांचे नियतकालिकही त्याच वर्षीचे. पुढे १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छीना आणि बलदेव सिंग या तिघांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन योग्यांनी आपला हात ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ बुडवून ठेवला होता. बर्फाच्या पाण्यात बोटे घालून पाहावी म्हणजे याचा अर्थ कळेल. मेंदूच्या आलेखावर मात्र शांत, जाग्या विश्रांतीच्या वेळी दिसणाऱ्या 'अल्फा' लहरीच अखंड चालू होत्या. दोघांवरून साऱ्या जगाचे अनुमान काढता येत नाही, हे खरे. परंतु चमत्कार म्हणून पाहिली जाणारी गोष्ट कागदावरच्या रेषेत उतरली, हे त्या प्रयोगाचे महत्त्व.

दुसरी हकीगत ब्रह्मदेशातून महाराष्ट्रात येते. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएन्का हे व्यापारी अर्धशिशीने इतके हैराण होते की त्यांना मॉर्फीनची सुई घ्यावी लागे. परदेशीचे डॉक्टर झाले, गुण आला नाही. कोणीतरी रंगूनच्या ऊ बा खिन यांचे नाव सुचवले. हे गृहस्थ सरकारात महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्य. गोएन्का त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला! डोकेदुखी घालविण्यासाठी ही विद्या नाही. मनाची मलिनता काढण्यासाठी येत असाल तर या, डोकेदुखीचे पुढे होईल ते होईल, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे. १९५५ साली गोएन्का दहा दिवसांच्या शिबिरास बसले. १९६९ साली ते ही विद्या घेऊन भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीच्या डोंगराजवळ धम्मगिरीचे केंद्र उभे राहिले. ऊ बा खिन यांचा नकार मला फार अर्थपूर्ण वाटतो. वेदना घालवायची म्हणून जो डोळे मिटून बसतो, तो मिटल्या डोळ्यांनीही वेदनेचीच वाट पाहत असतो.

अमेरिकेत मात्र ही विद्या सरळ रुग्णालयाच्या दारातून आत गेली. जॉन कबाट-झिन या शास्त्रज्ञाने १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयात एक वर्ग सुरू केला. औषधाने ज्यांना पुरेसा गुण येत नव्हता असे जुनाट दुखण्याचे रोगी डॉक्टर त्याच्याकडे पाठवू लागले. धर्माची दीक्षा नाही, मंत्र नाही. श्वासाकडे पाहावयाचे, मग अंगाच्या एकेका भागाकडे पाहावयाचे, दुखऱ्या भागाकडेही पाहावयाचे आणि जे आहे ते आहे तसे जाणावयाचे. १९८२ साली त्याने पहिल्या ५१ रोग्यांचा अहवाल छापला. दहा आठवड्यांनंतर शंभरातील ६५ जणांनी आपले दुखणे निदान एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे सांगितले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासातली उणीव. पण रोगी पुढे होऊन "मला बरे वाटते" म्हणत होते. आता मेंदूत डोकावून पाहणे भाग होते.

त्यासाठी लागणारी यंत्रे पुढल्या काही वर्षांत आली. मेंदूच्या कोणत्या भागात रक्त अधिक धावते हे त्यांतून दिसू लागले. १९९७ साली माँट्रियलमध्ये पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी माणसांचा हात ४७ अंशांच्या गरम पाण्यात ठेवून, संमोहनाच्या सूचनेने त्यांना ती वेदना अधिक किंवा कमी नकोशी वाटेल असे केले. पाणी तेच, हात तोच. स्पर्शाची नोंद करणारा मेंदूचा भाग तसाच राहिला. पण मेंदूच्या दोन अर्धांच्या मध्ये कमानीसारखा वळलेला 'सिंग्युलेट' नावाचा पट्टा नकोसेपणाबरोबर कमीजास्त होत गेला. दुखण्याचा रकाना आणि सोसण्याचा रकाना मेंदूतही निराळा निघाला.

मग संधिवाताची पाळी आली. इंग्लंडात मँचेस्टरला अँथनी जोन्स यांच्या गटाने गुडघ्याच्या संधिवाताचे बारा रोगी तपासले आणि २००७ साली निष्कर्ष छापले. रोग्याचा नेहमीचा गुडघेदुखीचा त्रास आणि गुडघ्याला मुद्दाम दिलेला उष्णतेचा चटका, दोन्हींची मेंदूतली चित्रे त्यांनी पडताळली. मार्ग बराचसा एकच. पण संधिवाताच्या दुखण्यात भय आणि भावना यांच्याशी निगडित भाग अधिक पेटलेले दिसले. हे वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. चौकटीला धरून उभी असलेली आई मला पुन्हा दिसली. तिच्या गुडघ्याच्या दुखण्यात भय मिसळलेले होते. ते तिचे नाटक नव्हते की कमकुवतपणा नव्हता. त्या दुखण्याची घडणच तशी होती.

त्याच मँचेस्टरला ख्रिस्तोफर ब्राउन आणि जोन्स यांनी २०१० साली पुढचे पाऊल टाकले. काही महिन्यांपासून काही दशकांपर्यंत ध्यान केलेली बारा माणसे आणि ध्यान न करणारी पंधरा माणसे त्यांनी घेतली. हातावर लेझरचा चटका द्यावयाचा. पण त्याआधी इशारा द्यावयाचा. प्रयोगाचे मर्म या इशाऱ्यात होते. चटका बसण्यापूर्वीच्या क्षणांत, म्हणजे माणूस वेदनेची वाट पाहत असताना, मेंदू काय करतो हे त्यांनी टिपले. ज्यांचा ध्यानाचा अभ्यास अधिक, त्यांच्या सिंग्युलेट पट्ट्यातली ही वाट पाहण्याची खळबळ कमी होती, आणि चटका त्यांना कमी नकोसा वाटत होता. पायरी उतरायच्या आधीच दुखायला लागते, हे माझ्या आईचे वाक्य शास्त्रज्ञांनी यंत्रावर वाचले होते!

अर्थात येथे इतिहासाच्या मास्तराने सावध राहिले पाहिजे. ही माणसे निरोगी होती, संधिवाताची नव्हती. शिवाय मुळात शांत असलेली माणसेच ध्यानाकडे वळत असतील, असेही कोणी म्हणेल. त्या शंकेला काहीसे उत्तर अमेरिकेतून मिळाले. फदेल झैदान याने कधीही ध्यान न केलेल्या पंधरा जणांना चार दिवस, रोज वीस मिनिटे शिकवले. पायाला ४९ अंशांची उष्णता लावली तेव्हा ध्यान करताना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी आणि नकोसेपणा ५७ टक्क्यांनी उतरला, असे त्याने २०११ साली नोंदवले. येथेही सोसण्याचा रकाना दुखण्याच्या रकान्यापेक्षा अधिक हलला.

मग कोणी म्हणाले, मेंदूतली अफूच ही! कारण १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूत आपोआप तयार होणारी अफूसारखी द्रव्ये शोधून काढली होती. झैदानने या द्रव्यांचे काम बंद पाडणारे औषध टोचून पाहिले. तरीही ध्यानाचा गुण टिकला, असे त्याने २०१६ साली लिहिले. गंमत अशी की त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला नेमके उलट दिसले. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि मला त्यात वाईट काही वाटत नाही. जिथे वाद चालू असतो तिथे शास्त्र जिवंत असते.

राहता राहिला मूळ प्रश्न. सांध्याचे काय? अमेरिकेतील मेरीलँड येथे आमवाताच्या, म्हणजे शरीरच आपल्या सांध्यांवर उलटते अशा संधिवाताच्या, ६३ रोग्यांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवडे ध्यानाचा वर्ग आणि पुढे चार महिने उजळणी. सहा महिन्यांनी रोग्यांचा मानसिक ताप सुमारे ३५ टक्क्यांनी उतरला होता. सांध्यांची सूज आणि रोगाचा जोर मात्र ध्यानाने हलला नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याइतक्याच मोठ्याने सांगितले पाहिजे. आमवातावर वेळीच औषध घेतले नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात, आणि कितीही ध्यान केले तरी झिजलेली कूर्चा परत येत नाही. डॉक्टरचे औषध सोडून कोणी पद्मासन घालून बसेल तर तो पहिला बाण तसाच ठेवून दुसऱ्याशी लढत बसेल. औषध पहिल्या बाणासाठी, ध्यान दुसऱ्यासाठी. दोघांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू नये, म्हणजे रोग्याचे भले होते.

या साऱ्या शोधाअंती मला कळले ते एवढेच. "तुझं दुखणं मनाचं आहे" या वाक्यात मी दोन चुका केल्या होत्या. मनाचे म्हणजे खोटे, ही पहिली. जे मेंदूच्या चित्रात दिसते ते खोटे कसे? आणि मनाचे म्हणजे ज्याचे त्याने झटकून टाकावे, ही दुसरी. योग्यांना जे साधायला वर्षे लागली आणि रुग्णालयातल्या रोग्यांना जे शिकायला रोज बसावे लागले, ते मी आईला तेल निवण्याच्या आत करायला सांगत होतो!

घरी आल्यावर मी आईला हे सारे सांगितले. बाणांची गोष्ट तिला आवडली. मेंदूच्या पट्ट्याचे नाव तिने दोनदा विचारले आणि दोनदा विसरली. आता रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती खुर्चीवर बसून वीस मिनिटे श्वास पाहते. मांडी घालता येत नाही याची आधी तिला लाज वाटे. श्वासाला मांडी लागत नाही, असे मी सांगितले. गोळ्या चालू आहेत, व्यायामही चालू आहे. गुडघे दुखायचे थांबले काय? नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "दुखतात रे. पण आता दुखायच्या वेळीच दुखतात."

गेल्या दिवाळीच्या पहाटे ती पुन्हा त्या चौकटीशी आली. मुले खोळंबली होती, तेल निवत होते. मी या वेळी काही बोललो नाही. नुसता हात पुढे केला. तिने डोळे मिटून एक श्वास घेतला, सोडला आणि माझ्या हाताला धरून पहिली पायरी उतरली. चेहऱ्यावर कळ उमटली, विरली. मग दुसरी पायरी. स्टूल न्हाणीघरात मांडलेलेच होते. या खेपेस मुलांनी रांगोळी स्टुलाभोवती काढली होती.